जुन्या पद्मिनीचं वजन उतरवायचंय: भंगारातले कोणते पार्ट खरंच हलके आणि कोणते नुसते दिसायला?

घाटावरचा, सातारा

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल, पेट्रोल, कॉलम गिअर (दांडा स्टिअरिंगजवळ), इंजिन मूळचंच १०८९ सीसी. बोअरिंगचं काम झालंय, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं आहे, कार्ब्युरेटर आणि टायमिंगही लावून घेतलंय. तरी चार माणसं बसवून साताऱ्याहून कासला निघालं की यवतेश्वरच्या घाटात बराचसा रस्ता दुसऱ्या गिअरवरच जातो.

इंजिन बदलायचं नाही. बॉडीचा पत्रा कापायचा नाही. पण भंगारात मारुती ८००, झेन, अल्टो यांचे पार्ट स्वस्तात मिळतात, ते लावून वजन किती उतरवता येईल हे समजून घ्यायचंय. डोक्यात असलेल्या गोष्टी अशा: मारुतीचा अल्टरनेटर, पुढच्या सीट, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅन, अलॉय व्हील, काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट, क्रोमच्या बंपरच्या जागी प्लास्टिकचे. यातलं काय करण्यासारखं आहे? बसवताना काय अडतं? आणि आरटीओच्या तपासणीत काय चालत नाही?

कुर्ल्याचा_मिस्त्री

आधी हिशेब मांडू, म्हणजे कशावर पैसे घालायचे ते कळेल. पद्मिनीचं कंपनीने दिलेलं वजन ८९५ किलो, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. चार माणसांचे २८० किलो धरले तर घाटात इंजिन ११७५ किलो ओढतंय. त्यातून ५० किलो काढले तर सव्वाचार टक्के ओझं कमी झालं. चढावर हे जाणवतं, तिसरा गिअर थोडा जास्त वेळ टिकतो, पण दुसऱ्यावर चढणारी गाडी तिसऱ्यावर चढायला लागणार नाही. ही अपेक्षा ठेवूनच पुढे जा.

दुसरं म्हणजे, नव्या गाडीचा पार्ट म्हणजे हलका, ही समजूत डोक्यातून काढा. मारुती ८०० ही गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपासची, म्हणून तिचे पार्ट हलके. नंतरच्या गाड्यांच्या सीट, दारं, बंपरचे आतले बीम सगळं वजनदार होत गेलं. भंगारात नवी दिसणारी सीट उचलून आणाल आणि ती तुमच्या जुन्या सीटपेक्षा जड निघेल. त्यामुळे नियम एकच: काढलेला आणि घ्यायचा, दोन्ही पार्ट काट्यावर टाकायचे. भंगारवाल्याकडे शंभर किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतोच, त्यावरच तोला. ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी नेऊन फरक बघायला जाऊ नका. तो पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, तिथे अल्टरनेटरचा तीन किलोचा फरक दिसणारच नाही.

आणि सगळ्यात जास्त वजन भंगारात जाऊन नाही, तुमच्याच गाडीत सापडतं. १९८६ च्या गाडीवर आजवर किती वेळा डेंटिंग-पेंटिंग झालं असेल? प्रत्येक वेळी आधीच्या पुट्टीवर नवी पुट्टी चढते. एक चौरस मीटरवर ३ मिलिमीटर थर म्हणजे तीन लिटर माल, साधारण पाच किलो. पुढची मडगार्डं, दारांचा खालचा भाग, डिकीच्या बाजू इथे लोहचुंबक फिरवून बघा. जिथे चुंबक पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी बोलतेय. ती खरवडून पत्रा हातोडी-डॉलीने नीट काढून घेतला तर थर पाव मिलिमीटरवर येतो. भंगारातल्या कुठल्याही पार्टपेक्षा हे काम जास्त देतं.

तसंच पायाखालचं. गालिचा, त्याखाली ज्यूटचा नमदा, त्याखाली डांबरी पत्रे. पाणी शिरलं असेल तर नमदा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसलेला असतो. हीट गनने डांबर मऊ करून पातळ पातीने काढा. गॅसच्या ज्योतीने काढू नका, खालून पेट्रोलची नळी जाते. डांबर निघालं की फ्लोअरला भोकं पडलेली दिसण्याची शक्यता बरीच आहे. तिथे पत्र्याचा तुकडा वेल्ड करून, एपॉक्सी प्रायमर मारून मगच पुढचं काम. सीट बसवण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण सीटचे बोल्ट याच पत्र्यात येणार आहेत.

सीटबद्दल सविस्तर लिहितो, कारण बरेच जण इथेच धोका पत्करतात. कॉलम गिअरच्या पद्मिनीची पुढची सीट सलग बाकासारखी, लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंग, वर नारळाच्या काथ्याचा थर. मारुती ८०० ची पुढची एक सीट रेलसकट साधारण नऊ ते अकरा किलो. दोन मिळून अठरा ते बावीस. तुमचा बाक काढून तोला, फरक डोळ्यांसमोर येईल.

भंगारातून सीट घेताना ती रेलसकट, चारही बोल्टसकट आणि मधल्या बकलच्या दांडीसकट घ्या. सीट पुढे-मागे सरकवून दोन्ही बाजूंचं लॉक एकाच वेळी पडतंय का ते बघा. एकच बाजू लागत असेल तर ब्रेक मारताना सीट तिरकी होते. गाडी पुढून ठोकलेली असेल तर तिची सीट घेऊ नका, रेल वाकलेला असतो आणि तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही. सीट बेल्ट तर भंगारातला कधीच नको. ठोकरीत एकदा ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा भार घेईल याची खात्री नसते. बेल्ट नवेच घ्या.

बसवताना तीन अडचणी येतात. पहिली, मधला बोगदा. पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा उंचवटा मधून जातो आणि सीटचा आतला रेल त्याच्या उतारावर येतो. तिथे उताराला जुळणारी पाचर लागते. दुसरी, उंची. मारुतीची सीट बसकी, पद्मिनीचं स्टिअरिंग उंचावर आणि जास्त आडवं. साधारण ४० ते ५० मिलिमीटर उचलावी लागते. इथे फॅब्रिकेटर ४० बाय ४० ची २ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी लावून देतो. तिचं वजन मीटरला २.४ किलो, दोन सीटना दीड-पावणेदोन मीटर लागते, म्हणजे वाचवलेल्यातले चार किलो परत आत गेले. २५ बाय २५ ची २ मिलिमीटरची नळी मीटरला १.४ किलोच आहे. तिचीच चौकट करा आणि उरलेली उंची पायांच्या प्लेटांनी मिळवा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, बोल्टखालचा आधार. जुन्या फ्लोअरच्या पातळ पत्र्यात नुसता वॉशर टाकून बोल्ट आवळला तर ठोकरीत बोल्ट पत्रा फाडून वर येतो. प्रत्येक बोल्टखाली ५० बाय ५० ची ३ मिलिमीटर प्लेट, कोपरे गोल केलेली, आणि ८.८ ग्रेडचेच बोल्ट. बोल्टच्या डोक्यावर ग्रेड कोरलेला असतो, तो नसेल तर घेऊ नका.

मागची सीट काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. आरसी बुकात आसनक्षमता लिहिलेली असते, ती गाडीत असलीच पाहिजे.

वायरमन_मिरज

मिस्त्रींनी सीटचं सांगितलंच आहे. मी अल्टरनेटरचं सांगतो, कारण तुमच्या यादीत पहिलं काम हेच व्हायला हवं. वजन फार वाचत नाही. तुमच्या गाडीतला चार्जिंगचा जुना डायनॅमो साधारण सहा-सात किलो, वर त्याचं चार्जिंग सांभाळणारा कटआउटचा डबा. मारुती ८०० चा अल्टरनेटर साडेतीन-चार किलो. तीन-साडेतीन किलोचा फरक. पण इलेक्ट्रिक फॅन लावायचा असेल तर डायनॅमोवर तो चालणारच नाही. डायनॅमो जेमतेम २२ ॲम्पिअरच्या आसपास देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. रात्री हेडलाइट दहा, इग्निशन चार, वायपर तीन-चार, त्यात फॅनचे आठ-दहा ॲम्पिअर आले की बॅटरी उतरायला लागली. म्हणून आधी अल्टरनेटर, मग फॅन.

कोणता घ्यायचा? कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चा, व्ही पट्ट्याच्या पुलीचा. नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाड्यांवर रिबवाला चपटा पट्टा आहे, ती पुली तुमच्या पट्ट्याला चालणार नाही. डिझेल गाडीचा घेऊ नका. बऱ्याच डिझेल अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्युम पंप असतो, वजन वाढतं आणि तेलाच्या नळीचं लचांड मागे लागतं. मारुती ८०० १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे माल भरपूर आहे, घाई करून पहिलाच नग उचलायची गरज नाही.

भंगारात जाताना १०, १२, १४ आणि १७ चे सॉकेट न्या. तुमच्या पद्मिनीला १३ आणि १७ लागतात, पण जपानी गाडीत ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं १२ चं आणि १० मिलिमीटरच्याचं १४ चं असतं. १३ चा पाना घेऊन मारुतीचे बोल्ट सोडवायला गेलात की डोकं गोल झालंच. बोल्टसुद्धा सोबत घ्या. जपानी १० मिलिमीटरच्या बोल्टचा आटा बहुधा १.२५ मिलिमीटर अंतराचा, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. दोन आटे जायचा आणि मग अडकायचा. तो जोर लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या कानातला आटा गेला.

तपासणी तिथेच करा. पुली हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग नवी मिळतात, त्यामुळे तेवढ्याने नाकारू नका, भाव कमी करा. मग मल्टिमीटर डायोडवर लावा. काळी सुई जाड बी टर्मिनलवर (जिथून करंट बाहेर पडतो), लाल अल्टरनेटरच्या अंगावर: साधारण ०.९ ते १.१ आकडा दिसायला हवा, कारण वाटेत दोन डायोड एकामागे एक आहेत. सुया उलट्या केल्या की काहीच दिसता कामा नये. दोन्ही बाजूंनी आकडा आला तर डायोड शॉर्ट आहे, असा नग रात्रभरात बॅटरी पिऊन टाकतो. घरी आणल्यावर ब्रश उघडून बघा, पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला.

आता बसवणं. डायनॅमो लांब, अल्टरनेटर आखूड. दोन कानांमधलं अंतर जुळणार नाही, म्हणून ६ मिलिमीटर प्लेटचा ब्रॅकेट करावा लागतो. इंजिनच्या मूळच्या बोल्टच्या जागाच वापरा, कास्टिंगवर वेल्डिंग करायचं नाही. दोन्ही कानांना आधार द्या. एकाच कानावर लटकवलेला अल्टरनेटर पहिले काही दिवस चालतो, मग थरथरीने कान तुटतो. पुली एका ओळीत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा, एक मिलिमीटरच्या आत फरक हवा. मागे-पुढे करायला कानाजवळ वॉशर टाका.

पट्टा पुलीत कसा बसतो ते जवळून बघा. पट्ट्याची वरची बाजू पुलीच्या कडेच्या पातळीला यायला हवी. पट्टा खाचेच्या तळाला टेकला तर समजा रुंदी जुळत नाही. व्ही पट्टा पकड घेतो तो दोन बाजूंनी, तळाने नाही. तळाला टेकलेला पट्टा हेडलाइट लावताच किंचाळतो, आणि मग लोक तो ताणत ताणत पाण्याच्या पंपाचं बेअरिंग घालवतात. ताण किती? मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर. क्रँकची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुपटीच्या आसपास असेल तर आयडलिंगलाही चार्जिंग मिळतं. डायनॅमोची जुनी मोठी पुली काढून अल्टरनेटरला लावली तर तेच गमावून बसाल.

वायरिंग. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. डायनॅमोपासून कटआउटला दोन वायरी जातात, एक जाड, एक बारीक. बारीक ही फील्डची, ती आता लागत नाही, टोक इन्सुलेट करून बांधून टाका. कटआउटच्या जाड वायरीच्या बाजूलाच चार्जिंगच्या दिव्याची वायर येते. ती सोडवून अल्टरनेटरच्या एल टर्मिनलवर न्या. आयजी टर्मिनलला चावी ऑन केल्यावर चालू होणारी वायर द्या. बी टर्मिनलपासून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे किंवा स्टार्टरच्या जाड स्टडकडे नवी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि बॅटरीजवळ ६० ॲम्पिअरचा फ्यूज. जुनी डायनॅमोची वायर बी टर्मिनलला कधीही लावू नका. ती वीस-बावीस ॲम्पिअरसाठी आहे. दुप्पट करंटने ती तापते, कापडी आवरण जळतं आणि आग वायरिंगच्या जुडग्यात शिरते.

कटआउट काढताना एक लक्षात ठेवा. बॅटरीकडून येणारी जाड वायर आणि फ्यूजकडे जाणारी वायर तिथल्या टर्मिनलवरच एकत्र येत असतात. डबा काढून त्या वायरी सुट्या सोडल्या की निम्मी गाडी बंद पडते. त्या एका टर्मिनल ब्लॉकवर जोडून झाकून ठेवा.

चार्जिंगचा दिवा साधा बल्बच ठेवा, दोन-तीन वॉटचा. एलईडी घातला तर अल्टरनेटर जागा व्हायला लागणारा करंट त्यातून जात नाही.

पाना_तेरा_चौदा

वायरमनदादांशी बाकी सगळं पटतं, पण इलेक्ट्रिक फॅन वजनाच्या यादीत धरू नका. मूळचा पत्र्याचा फॅन आणि मारुतीच्या फॅनची मोटर, चौकट, रिले, वायर हे दोन्ही तोलून पाहिलं तर पारडं जवळपास बरोबरीत येतं, कधी नवंच जड निघतं. फायदा दुसरा आहे. पट्ट्यावरचा फॅन इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी जास्त ताकद खातो, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन जोरातच फिरत असतं. ती ताकद चाकांना मिळते. घाटासाठी हे काम करण्यासारखं आहे, फक्त कारण नीट माहीत असावं.

मारुतीचा फॅन रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढतो. तो मागेच लावा. पुढे लावून वायरी उलट्या केल्या की तो उलटा फिरतो खरा, पण पात्यांचा वळसा एकाच दिशेसाठी असतो, त्यामुळे हवा कमी मिळते. मूळचा फॅन काढल्यावर त्याचेच चार बोल्ट परत लावू नका. फॅनच्या जाडीएवढे ते आता लांब पडतात आणि टोकं आत टेकतात. तेच बोल्ट पुली धरून ठेवतात, म्हणून तेवढ्याने आखूड, स्प्रिंग वॉशरसकट लावा.

फॅनला तीस ॲम्पिअरचा चार पिनांचा रिले हवाच. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून, ८७ फॅनला, ८६ चावीच्या वायरीला, ८५ थर्मोस्विचमधून (पाणी तापलं की जोडणारा स्विच) अर्थला. थर्मोस्विच बसवायला पद्मिनीच्या रेडिएटरला जागा नाही. वरच्या होजमध्ये घालायचा ॲडॉप्टर मिळतो, तो होजच्या आतल्या मापाचा घ्या. होज रबरी असल्यामुळे ॲडॉप्टरला अर्थ मिळत नाही, एक तारेचा स्वतंत्र स्विच असेल तर त्याच्या अंगाला वेगळी अर्थची वायर द्यावी लागते. बहुतेकांचा फॅन इथेच सुरू होत नाही आणि दोष मोटरला दिला जातो. शिवाय डॅशबोर्डखाली एक हाताचा स्विच थर्मोस्विचला समांतर जोडून ठेवा. घाटात काटा वर जायला लागला की थर्मोस्विचची वाट बघायची नाही.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र भंगारातला नको. प्लास्टिकच्या टाक्या वयाने ठिसूळ होतात आणि कोअरशी जिथे दुमडलेल्या असतात तिथे चिरतात. तुमचा पितळी रेडिएटर कुठल्याही गावात झाळून मिळतो, हा तसा मिळत नाही. मारुती ८०० चा रेडिएटर ७९६ सीसीसाठी आहे, घाटात १०८९ सीसीला पुरेल या भरवशावर राहू नये. नव्या गाड्यांचं झाकण साधारण ०.९ बार दाबाचं, तो दाब तुमच्या जुन्या होज आणि पंपाच्या सीलवर येईल. पितळी रेडिएटरच उघडून, सळ्या घालून साफ करून घ्या.

अलॉय व्हीलचंही सांगून टाकतो. या मापाची बाजारात फिरणारी जुनी कास्ट अलॉय कित्येकदा लोखंडी रिमपेक्षा जड असतात. चमक असते, वजनाचा फायदा नसतो. मारुती ८०० आणि झेनच्या चार बोल्टचं वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं. तुमच्या हबवर समोरासमोरच्या दोन बोल्टांचं मध्य ते मध्य अंतर मोजा, चार बोल्टच्या चाकात तेच वर्तुळाचं माप. जुळत नसेल तर विषय संपला. भोकं लांबट करून बसवून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. चाक बोल्टच्या शंकूवर मध्यात बसतं, भोक लांबट झालं की बोल्ट सुटतो. टायर भंगारातला घेऊच नये. बाजूच्या चार अंकी कोडात पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, तो वाचा म्हणजे नक्षी शाबूत असलेला टायर किती म्हातारा आहे ते कळेल.

नोंदणी_क्रमांक

आरटीओच्या बाजूने. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. अल्टरनेटर, फॅन यांनी आरसीतलं काही बदलत नाही. इंजिन, बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, इंधन यांना हात लावायचा नाही. पुढचा बाक काढून दोन सुट्या सीट लावण्याआधी आसनक्षमतेचा आकडा बघून घ्या.

पॉलिकार्बोनेटचा विचार सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जायला हवा, आणि जे लावाल ते प्रमाणितच हवं. साधं पॉलिकार्बोनेट वायपरने आणि धुळीने ओरखडून पांढरं पडतं. फायदा तरी किती? काच चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. बाजूच्या सगळ्या काचा मिळून चौरस मीटरभर धरल्या आणि पाचाऐवजी चार मिलिमीटरच्या नव्या टफन करून घेतल्या तर अडीच किलो वाचले. भंगारातली टफन केलेली काच कापून बसवता येत नाही, कटर लावताच तिचा चुरा होतो. पुढची काच बदलायची वेळ आलीच तर लॅमिनेटेड घ्या, थोडी जड असली तरी.

भंगारातून घेतलेल्या प्रत्येक पार्टची पावती घ्या, त्यावर कोणत्या गाडीचा पार्ट तेही लिहून घ्या. चोरीच्या गाड्याही याच बाजारात तुटतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय किंवा पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी काय, पावती द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून इलेक्ट्रिकचा पार्ट घेऊ नये.

आणि एक कळकळीची विनंती. जे काढाल ते विकू नका. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, त्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तुमची गाडी २०३६ मध्ये तिथे पोहोचते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. सुटे भाग मिळण्याचा तो सगळ्यात मोठा साठा होता. क्रोमचे बंपर, डायनॅमो, कटआउट, पुढचा बाक हे परत बनणार नाहीत. बंपर तर गाडीवरून काढूच नका. बाकीच्याला ग्रीस चोळून, कापडात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवा, आणि नवं जे लावाल ते नट-बोल्टवर सुटेल असंच लावा.

घाटावरचा, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. अलॉय, रेडिएटर, काचा आणि बंपर रद्द. गालिचा आणि नमदा निघाला, डावीकडचा नमदा ओला होता. अल्टरनेटर बसवला, पट्टा ओळीत आहे. पण गाडी चालू असताना चार्जिंगचा दिवा अगदी मंद जळत राहतो, रेस केली तरी पूर्ण विझत नाही. चावी ऑन केल्यावर मात्र नीट पेटतो. नग खराब आहे का?

दुसरी शंका, मागची बाजू आता थोडी उचललेली दिसते. पाट्यातलं (मागच्या स्प्रिंगमधलं) एक पान काढू का?

वायरमन_मिरज

नग खराब म्हणण्याआधी व्होल्ट मोजा. इंजिन साधारण २००० आरपीएमवर ठेवा आणि बॅटरीवर बघा, १३.८ ते १४.५ हवेत. मग सुई बी टर्मिनलवर ठेवून आकडा लिहा, नंतर आयजी टर्मिनलवर ठेवून लिहा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष अल्टरनेटरचा नाही, जुन्या इग्निशन स्विचचा किंवा फ्यूजच्या गंजलेल्या क्लिपांचा आहे. दिव्याच्या एका टोकाला चावीकडून तेरा आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरकडून चौदा असं काहीतरी येतंय, आणि मधल्या फरकावर तो मंद जळतोय. फ्यूजच्या क्लिपा पॉलिश पेपरने घासा, टर्मिनल आवळा. तरी फरक राहिला तर आयजीची आणि दिव्याची वायर एका रिलेमधून द्या, चावी फक्त रिले ओढेल.

बी आणि आयजी सारखे असून दिवा मंदच असेल तर डायोडचा ट्रायो (दिव्याच्या बाजूचे तीन छोटे डायोड) तपासायला नग उघडावा लागेल. आणि बॅटरीवर १४.८ च्या वर दिसलं तर लांबचा प्रवास करू नका, रेग्युलेटर बघून घ्या, बॅटरीचं पाणी आटेल.

कुर्ल्याचा_मिस्त्री

पान काढू नका. पाटे पूर्ण भरलेल्या गाडीच्या हिशेबाने आहेत आणि तुम्ही घाटात चार माणसं नेता. एक पान काढलं की माणसं बसल्यावर मागचा ॲक्सल बंपस्टॉपवर आपटेल, शिवाय ब्रेक मारताना पाटा पिळून ॲक्सल फिरायला बघेल. उंची पंधरा-वीस मिलिमीटरने वाढली असेल तर चालू द्या. शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे) रबर बुश जुने असतील तर बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना परत आवळा. हवेत उचललेल्या अवस्थेत आवळले असतील तर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि गाडी उंच दिसते.

मागचं उचललं म्हणजे हेडलाइटचा झोत खाली आला असणार. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस बसवून झोत लावून घ्या. आणि डिकीतला जॅक बदलायचा विचार असेल तर मारुतीचा कात्री जॅक हलका आहे खरा, पण त्यावर कोरलेली क्षमता वाचा आणि त्याचं डोकं तुमच्या जॅकिंग पॉइंटला नीट बसतं का ते घरीच, खाली लाकडी ठोकळा ठेवून, एकदा गाडी उचलून बघा. स्टेपनी जागच्या जागी ठेवा.